बादलीतलं नितळ पाणी

जपानातल्या ताजिमीची माणसं उन्हाळ्याबद्दल अशी बोलतात, जशी दुसऱ्या गावची माणसं आपल्या देवळाबद्दल बोलतात. पारा कुठवर चढला, डांबर कसं मऊ पडलं, कुणाच्या चपलेचा तळवा कसा रस्त्याला चिकटून राहिला, हे सांगताना त्यांचे चेहरे फुलतात. गाव मूळचं भट्ट्यांचं. ज्यांचे बापजादे आगीपुढे उभे राहून वाट्या आणि ताटल्या भाजत आले, ते उन्हाला काय भीक घालणार, असं जो तो म्हणतो.

किनुए वाकाओ हीसुद्धा तसंच म्हणायची. फरशीच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. नखाएवढे रंगीत चौकोन कागदावर ओळीने चिकटवायचे, असं काम. शेजारीच भट्टी असायची. त्यामुळे ऊन म्हणजे काय ते मला सांगू नका, असा तिचा बाणा होता. तो गेल्या ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळ्यात मोडला. स्वयंपाकघरात शेंगा धुता धुता तिला भोवळ आली आणि ती तिथेच कोसळली. नळ वाहत राहिला. पाण्याचा आवाज थांबेना, म्हणून शेजारचे आंदोसान खिडकीतून डोकावले आणि त्यांनी धावाधाव केली, म्हणून निभावलं.

नागोयाहून मुलगी आली. मिहो कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच तिची भीती वाटते. दवाखान्यातल्या खाटेपाशी बसून पीचच्या फोडी करता करता ती म्हणाली, "आई, घरात एसी आहे. तो लावायचा. तू तो लावत नाहीस असं मला कळलं, तर मी येऊन तुला घेऊन जाईन आणि घराला कुलूप घालीन. तुझी खोली तयार आहे."

ती खोली किनुएने पाहिली होती. उंच इमारतीत, एवढी वर की खालची माणसं तिळाएवढी दिसतात. खिडकी उघडत नाही. तिथे सकाळी कुणाला 'आज काय उकडतंय नाही' म्हणायचं झालं तर भिंतीलाच म्हणायचं. किनुएने मुकाट्याने मान डोलावली.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर मिहोचा एकच प्रश्न, लावतेस ना? आणि किनुएचं एकच उत्तर, लावते गं. थंडीत तोच एसी गरम हवाही देतो, म्हणून हिवाळ्यातही प्रश्न चुकला नाही. ऊब अगदी छान येते, असं किनुए सांगायची, तेव्हा तिच्या पायांशी रॉकेलची शेगडी जळत असायची आणि शेगडीवर किटली गुणगुणत असायची. एसीचा रिमोट खणात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता.

मग मे महिना आला. मे महिन्यातल्या सुट्ट्या संपल्या की होरिबे इलेक्ट्रिकची छोटी पांढरी गाडी गावातून फिरायला लागते. इथे आधी पावसाळा, मग खरा उन्हाळा, आणि भर उन्हाळ्यात एसी बिघडले तर सगळं गाव एकदम ओरडतं, म्हणून पावसाळ्याच्या आधी घरोघर जाऊन ते उघडायचे, धुवायचे, चालवून बघायचे, हा थोरल्या होरिबेंनी घालून दिलेला शिरस्ता. आता ते थकले, मुलगा योशिकी जातो. त्याचे स्वतःचे केस पिकायला लागलेत, पण किनुएला तो अजून 'कुन' लावून हाक मारायचं पोरच, योशिकुन. बापाच्या सायकलवर मागे बसून, हातात तारेचं भेंडोळं धरून येणारा.

तो यायच्या आदल्या संध्याकाळी मिहोचा फोन आला. होरिबेसानना मी सांगून ठेवलंय, ती म्हणाली. फिल्टर बाहेर काढला की त्याच्यावर धूळ किती आहे ते मला कळवा म्हणून. वापरलेल्या मशीनच्या फिल्टरवर धूळ बसतेच ना, आई?

बसतेच की, किनुए म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ एसीकडे बघत उभी राहिली.

सकाळी उठून तिने आधी खिडक्या लावून घेतल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मग व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी उघडून तिच्यातली धूळ वर्तमानपत्रावर काढली, स्टूल मांडलं, एसीचं झाकण वर केलं आणि फिल्टरवर ती धूळ हलक्या हाताने पसरू लागली. हाताला जुनं वळण होतं. कडेला दाट, मध्ये पातळ, सगळीकडे एकसारखी. झाल्यावर मान तिरकी करून तिने पाहिलं. काम झकास झालं होतं.

स्टुलावरून उतरताना समोरच्या खिडकीच्या काचेतून तिला शेजारचे वाडगे दिसले आणि तिचा जीव थोडा गलबलला. सगळं ज्यांच्यापायी चाललं होतं, ते हेच.

तिचं घर आणि आंदोसानांचं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे. त्यात छत्री उघडली तर दोन्ही भिंतींना टेकते. या बोळातच तिच्या एसीचा बाहेरचा डबा बसवलेला, आणि आंदोसानांच्या एसीचाही. एसी लावला की घरातली गरमी बाहेरच्या डब्यातून फुंकरीसारखी निघते, आणि तिच्या डब्याची फुंकर सरळ आंदोसानांच्या वाडग्यांवर जाते. आंदोसान जन्मभर भट्टीवर होते. बायको गेल्यावर त्यांनी मासे पाळले, बोटाच्या पेराएवढे. भाजताना वाकडे झालेले मोठे वाडगे त्यांना कारखान्यातून फुकट मिळाले होते, ते भिंतीच्या कडेला मांडून त्यात पाणी, पाणवनस्पती आणि मासे. एसी बसवला त्या वर्षी किनुएने तो मोठ्या हौसेने लावला होता. दुसऱ्याच दिवशी तिला दिसलं की आंदोसान एकेक वाडगा उचलून बोळाच्या तोंडाशी नेत होते. एक शब्द बोलले नाहीत. उलट तिला बघून हसून वाकले. त्या हसण्याने किनुए मेल्याहून मेली झाली. शेजाऱ्याने बोलून दाखवलं तर त्याची माफी तरी मागता येते. न बोलता वाडगे उचलले, त्याला काय करायचं? तिने त्या दिवशी एसी बंद केला तो केलाच. काही दिवसांनी वाडगे जागेवर परत आले, तेव्हा आपण केलं ते बरोबर केलं अशी तिची खात्री पटली.

हे मिहोला सांगून उपयोग नव्हता. ती म्हणाली असती, माशांसाठी मरतेस का? आणि लगेच फोन करून आंदोसानांनाच विचारलं असतं. ते तर त्याहून वाईट.

योशिकुन आला. दारात बूट काढून टोकं बाहेर करून नीट लावून ठेवले, डोक्याला रुमाल बांधला, खाली निळं कापड पसरलं. चहाची घाई नको म्हणाला. झाकण उघडून फिल्टर काढला आणि उजेडाकडे नेऊन तो बघतच राहिला. किनुए टेबल पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती.

"तीळ आहे," योशिकुन म्हणाला.

"वाऱ्याने येतात बाबा कुठून कुठून," किनुए म्हणाली.

त्याने तो चिमटीत धरून नीट पाहिला. "भाजलेला आहे."

मग तो तीळ कागदाच्या कोपऱ्यात ठेवून दिला. हिरव्या दोऱ्याचा एक तुकडाही निघाला, तोही शेजारी ठेवला. पुढे काहीही न विचारता तो कामाला लागला. किनुएला वाटलं, सुटले. फिल्टर धुवून सावलीत ठेवला गेला, म्हणजे पुरावा गेला.

पण फिल्टर धुतला की काम संपत नाही, हे ती विसरली होती. योशिकुनने एसीभोवती मोठी प्लास्टिकची पिशवी झालरीसारखी बांधली. खाली तिचं निमुळतं टोक बादलीत सोडलं. पंपाने आतल्या पातळ पात्यांवर औषधाचं पाणी मारलं आणि मग साध्या पाण्याची धार धरली. आता हे पाणी आतली सगळी घाण घेऊन खाली येतं. केस कापायच्या दुकानात बायका यावरच तर बोलायच्या. आमच्याकडे शाईसारखं निघालं. अहो आमच्याकडे चिखल निघाला चिखल. कुणाचं जास्त काळं यावर तिथे चढाओढ लागायची.

किनुए सातूचा चहा घेऊन आली आणि बादलीपाशी थबकली. बादलीत पाणी भरत होतं आणि बादलीच्या तळावर छापलेलं दुकानाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

पंपाचा आवाज थांबला. दोघंही बादलीत बघत होते.

"वाकाओसान," योशिकुन शांतपणे म्हणाला, "या पाण्यात भात शिजेल."

किनुए खाली बसली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता. मिहोला काय सांगणार आहेस, एवढंच तिने विचारलं.

"जे बघितलं ते सांगावं लागेल. मी बरं म्हणून सांगितलं आणि जुलैत तुम्ही पुन्हा पडलात, तर मी या गल्लीत कुठल्या तोंडाने येऊ?"

त्याचं चूक नव्हतं. किनुएने त्याच्यापुढे चहा सरकवला आणि मग सगळं सांगून टाकलं. वाडगे, मासे, आंदोसानांचं ते न बोलता हसणं, अकराव्या मजल्यावरची ती न उघडणारी खिडकी. घर सोडायला मी भीत नाही असं नाही, ती म्हणाली, भितेच. पण शेजाऱ्याच्या जिवावर गारवा घ्यायचा, हेही मला जमत नाही. आता तूच सांग.

योशिकुनचा पेला तोंडापर्यंत जाऊन अर्ध्यावर थांबला होता. त्याने खिडकीतून बोळाकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग पुन्हा बोळाकडे. त्याला हसू फुटलं, ते दाबताना ठसका लागला. किनुएने विचारलं, काय झालं रे? काही नाही, काही नाही, म्हणत तो डोळे पुसायला लागला.

त्याच्या बापाचा एक नियम होता. एका घरात पाहिलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. बूट घालताना ते उंबऱ्यापाशी ठेवून यायचं. हा नियम किनुएलाही ठाऊक होता, सगळ्या गावाला ठाऊक होता. म्हणून तर लोक होरिबेंना निजायच्या खोलीतही बिनघोर सोडायचे. योशिकुनने पेला खाली ठेवला, एसीला झाकण लावलं आणि म्हणाला की आता चालवून बघायचं राहिलं. शेजारी आंदोसानांकडचं कामही कालच झालंय, पण तिथेही चालवून बघायचं राहिलंय. दोन्ही एकदमच बघतो.

"तुम्ही बोळात जाऊन उभ्या राहा. वारा कसा येतो ते हाताने बघा."

"तुला कळत नाही होय वारा?"

"मला आत बटणापाशी थांबावं लागतं ना," योशिकुन म्हणाला. असं काही नसतं, हे किनुएला कळत होतं. पण ज्याच्या हातात आपली मान, त्याच्याशी वाद कुठे घालायचा? ती एप्रन नीट करून बोळात गेली.

दुसऱ्या टोकाने आंदोसान आले. त्यांच्या गळ्यात टॉवेल होता आणि चेहऱ्यावर 'मला का बोलावलं' असा भाव होता. दोघांनी वाकून नमस्कार केले. यंदा पाऊस लवकर दिसतो, असं किनुए म्हणाली. दिसतो खरा, आंदोसान म्हणाले. मग दोघंही आपापल्या डब्याकडे तोंड करून उभे राहिले.

आधी किनुएचा डबा घरघरला. पाठोपाठ आंदोसानांचा. थोड्या वेळाने गरम वारा दोन्हीकडून आला आणि बोळाच्या मध्यावर एकमेकांवर आदळला.

किनुएला राहवलं नाही. ती दोन पावलं मागे सरली आणि वाडग्यांपुढे उभी राहून तिने एप्रन दोन्ही हातांनी पसरून धरला. तेवढ्यात तिच्या पाठीला पाठ लागली. वळून बघते तो आंदोसान. ते तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढे, टॉवेल दोन्ही हातांनी ताणून, भट्टीचं दार अडवावं तसे उभे होते.

"आंदोसान, हे काय करताय?"

"तुमच्या खिडकीत गरम वारा जातो." ते अवघडून म्हणाले. "पण तुम्ही काय करताय?"

"मासे."

"मासे?"

"त्या वर्षी मी एसी लावला, तेव्हा तुम्ही वाडगे हलवलेत ना."

आंदोसानांनी टॉवेल खाली केला. "मांजर यायचं हो ते. केशरी. रोज एक मासा खाऊन जायचं. ते यायचं थांबलं, मग परत आणून ठेवले." जरा थांबून ते म्हणाले, "आणि तुम्ही? मी लावला त्या दिवशी तुम्ही खिडकी लावून घेतलीत. अगदी हळूच. आवाज न करता."

किनुएला आठवायला वेळ लागला. "डास होते," ती म्हणाली.

दोन डबे घरघरत होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे त्या भिडेने एका मांजराच्या आणि चार डासांच्या जिवावर दोन घरं भर उन्हाळ्यात भाजून काढली होती, आणि दोन्ही घरांना वाटत होतं की आपण शेजारधर्म पाळतोय. आंदोसानांनी आधी घसा खाकरला, मग खांदे हलायला लागले. किनुए एप्रनमध्ये तोंड खुपसून हसली.

हसणं ओसरल्यावर आंदोसान गंभीर झाले. एक गोष्ट आहे, म्हणाले. गेल्या ऑगस्टला माझाही एसी बंद होता, खिडक्या उघड्या होत्या, म्हणून तुमचा नळ ऐकू आला. दोघांनीही दारं लावून गारव्यात बसायचं, तर कोण पडलं हे कुणाला कळणार? हे खरंच होतं. किनुएने विचार केला आणि म्हणाली, डब्याचा आवाज तर कळेल. उन्हाच्या दिवशी दुपारच्या आत माझा डबा सुरू झाला नाही तर तुम्ही दार वाजवा. तुमचा झाला नाही तर मी वाजवते.

योशिकुन तेवढ्यात बाहेर आला, वारा ठीक आहे का विचारायला. ठीक आहे, दोघं एकदम म्हणाले. त्याने गाडीतून पत्र्याच्या दोन झडपा आणल्या आणि डब्यांच्या तोंडावर तिरक्या बसवल्या, म्हणजे वारा कुणाच्या खिडकीत किंवा वाडग्यात न जाता वर आकाशाकडे जाईल. या झडपा सकाळपासून गाडीत तयार होत्या. कुणी सांगितलं होतं, हे किनुएने विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

मिहोला मी सांगते, तू राहू दे, असं ती जाताना त्याला म्हणाली. त्याने बूट घालता घालता मान हलवली.

दुपारीच तिने फोन केला. हे सांगायला रविवारपर्यंत थांबली असती, तर तिला धीरच झाला नसता. गेल्या ऑगस्टपासून एकदाही लावला नाही इथपासून ते भाजलेल्या तिळापर्यंत सगळं सांगितलं. मग मिहो म्हणाली, "धूळ तू हाताने लावलीस?"

"कडेला दाट, मध्ये पातळ."

मिहो हसली नाही, पण तिचा श्वास थोडा सैल झाल्यासारखा ऐकू आला. "फोनवरचं आता मी काही ऐकणार नाही, आई. पुढच्या मेमध्ये होरिबेसान येतील तेव्हा मी तिथे हजर राहीन. बादली बघीन. पाणी असंच नितळ निघालं, तर माझ्या परतीच्या गाडीने तूही नागोयाला."

जुलैत पावसाळा सरला आणि दुसऱ्या दिवशीच गाव तापलं. किनुए सकाळपासून रिमोट हातात धरून बसली होती. आधी त्यांचा सुरू होऊ दे, मग आपला, असं तिने ठरवलं होतं. त्यांचा काही सुरू होईना. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, तातामीच्या चटईवर आलं, तिच्या पायांपाशी पोचलं. आता दार वाजवायला जावं म्हणून ती उठली, तोच खिडकीच्या चौकटीवर टकटक झालं. बोळात आंदोसान उभे होते, घामाने निथळत, हातात त्यांचा रिमोट.

"आधी तुम्ही लावा," ते म्हणाले.

"छे, छे. आधी तुम्ही."

"मासे वाट बघतायत हो. तुम्ही लावल्याशिवाय मलाही लावू देत नाही म्हणतात."

किनुएने बटण दाबलं. पिक् असा आवाज झाला. खिडकी लावता लावता तिला समोरून तसाच दुसरा आवाज ऐकू आला.

पुढच्या मे महिन्यात मिहो सुट्टी काढून आली. योशिकुनने निळं कापड पसरलं, फिल्टर काढला. त्याच्यावर धुळीची साय धरली होती, करडी, मऊ. त्याने तिच्यात बोट फिरवून नीट शोधलं आणि तीळ नाही, असं गंभीर तोंड करून सांगितलं. मिहोने आईकडे पाहिलं. किनुए टेबल पुसत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती.

पिशवी बांधली, पंप सुरू झाला. आधी थेंब थेंब, मग धार. मिहो बादलीच्या काठाशी ओणवी झाली. किनुएही वाकली. तळावर छापलेलं दुकानाचं नाव पहिल्या धारेतच दिसेनासं झालं, आणि मग बादलीचा तळही गेला. पाणी शाईसारखं काळं, वर फेस. मिहो ते बराच वेळ बघत राहिली. मग बाह्या वर सारून तिने बादली उचलली आणि ओतायला घेऊन गेली. जाता जाता म्हणाली, आई, उन्हाळ्याचे कपडे पेटीतून काढायचे असतील तर आज मी आहे, काढून देते.

पेटी इथलीच होती. कपडे इथल्याच कपाटात लागायचे होते. किनुएने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. जरा वेळाने तिने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "योशिकुन, काल आंदोसानांकडे गेला होतास ना? त्यांचं कसं निघालं रे पाणी?"

"एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नाही आम्ही, वाकाओसान," योशिकुन पंप गुंडाळत म्हणाला. मग त्याने आपले दोन्ही तळवे उलटेसुलटे करून तिच्यापुढे धरले. "तुमच्याकडे जरा चांगला साबण असेल तर द्या. कालपासून हाताचा काळेपणा जात नाहीये."